वजनकाट्याची जुनी तार

सर्व संबंधितांना, बिनसंबंधितांना आणि एमआयडीसीच्या रस्त्याकडेला ट्रकच्या सावलीत आडव्या झालेल्या तमाम चालकबंधूंना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका रसायनांच्या कारखान्यात वजनकाट्याची जुनी तार काढून तिच्या जागी नवी कार्यरत झाली आहे. या घटनेमुळे वालधुनी उलटी वाहिली नाही आणि मलंगगड जागचा हलला नाही. जीवितहानी शून्य. मनुष्यस्वभावाची हानी मात्र मोजण्यापलीकडची.

हे गांभीर्य उगाच नाही. या एका तारेपायी अख्ख्या कारखान्याने माझ्याशी दहा महिने वैर धरलं, आणि ते वैर मी ताट चाटूनपुसून जेवले. माणसांचं प्रेम मला जरा कंटाळवाणं वाटतं. सगळी प्रेमळ माणसं एकसारखंच बोलतात. दुष्टपणा करायचा म्हटलं की मात्र प्रत्येकाची प्रतिभा फुलून येते.

मी त्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. वीस वर्षं झाली. आमच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला जमिनीच्या पातळीत बसवलेला लोखंडी पाट्यांचा लांब चौथरा आहे. तो वजनकाटा. भरलेला ट्रक त्यावर उभा केला की शेजारच्या केबिनमध्ये वजनाचा आकडा उमटतो. हा आकडा एका तारेवरून चार ठिकाणी जायचा : माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच ऑफिसात, लॅबमध्ये, फाटकावरच्या सिक्युरिटीकडे आणि केबिनमधल्या जुन्या प्रिंटरकडे, जो चालकाच्या हातात पावती देतो. जायचा तोही नुसता, उघडावाघडा. सोळा हजार दोनशे चाळीस. कुठल्या ट्रकचा, किती वाजताचा, काही नाही. चारही जण कान लावून बसलेले, आकडा आला की उचलायचा आणि आपल्या सोयीने पुढचं लिहायचं.

‘आपल्या सोयीने’ हे शब्द जरा लक्षात घ्या. डिस्पॅचच्या बाई चार वाजता गेलेला ट्रक दोनला गेला असं लिहायच्या, म्हणजे उशिराचं खापर दुसऱ्यावर. लॅबवाले साहेब नमुना तपासायच्या आधीच ट्रक सोडायचे आणि तपासणीची वेळ मागची टाकायचे. काट्यावरचे भाऊ दुपारी जेवायला गेले की पाऊण तास आकडा नाही, वारा नाही. कोणाकडे पुरावा? आकड्यावर वेळच नव्हती.

मग आमच्या मोठ्या गिऱ्हाइकांनी एकेक करून सांगितलं की वजन पाठवाल तर ट्रकचा नंबर आणि वेळ त्यालाच जोडून पाठवा, आमचं मशीन नुसता आकडा घेणार नाही. म्हणजे काट्याने बोलण्याची रीतच बदलायला हवी होती. उघडा आकडा बंद, बंद लिफाफा सुरू. आत वजन, नंबर, वेळ. एकदा लिफाफा चिकटला की कोणी काही खोडायचं नाही.

आता कळलं ना वैर कुठून आलं?

आमचे सेठ उल्हासनगरचे, सिंधी. माणूस दिलदार, पण दिलदारी अर्ध्या तासाची. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर दोन गुळगुळीत तरुण बसले होते, नवं मशीन बसवणाऱ्या कंपनीचे. ते म्हणाले, एका रविवारी सगळं बदलून टाकू, सोमवारपासून नवीन.

मी म्हणाले, “आणि सोमवारी सकाळी कळेल की जुन्या तारेवर कोणकोण लटकलं होतं.”

“तो फिर?” सेठ म्हणाले.

मी त्यांना नळाचं उदाहरण दिलं, कारण उल्हासनगरच्या माणसाला पाण्याचं काहीही पटकन समजतं. नवी लाइन टाकताना जुनी आधी तोडत नाहीत. दोन्ही चालू ठेवतात. घराघराचा नळ एकेक करून नव्या लाइनवर घेतात. कोणाकडे गढूळ आलं तर त्याला परत जुनीवर जोडतात. शेवटचा नळ हलला आणि जुन्या लाइनमधून बरेच दिवस थेंबभरही कोणी घेतलं नाही, की मग तिला बूच मारतात.

सेठना पटलं. पण पटलं असं लगेच दाखवलं तर ते सेठ कसले?

“दीदी, करा तुमच्या हिशोबाने. पण माझा एक ट्रक उभा राहिला, एका किलोचा फरक आला, तर मशीन नाही बदलणार मी. तुम्हाला बदलेल. बदलापूरचं गोडाऊन खाली आहे.”

बदलापूरचं गोडाऊन म्हणजे काय ते आमच्याकडे कोणालाही विचारा. रिकामी पिंपं, एक खुर्ची, एक रजिस्टर, पत्र्यावर कबुतरं. मी राहते अंबरनाथला, बदलापूर म्हणजे पुढचंच स्टेशन, अंतराचं दुःख नव्हतं. पण तिथे बोलायला एक माणूस नाही! माझ्यासारख्या बाईला फाशी द्या, पण निदान जल्लादाला गप्पांची आवड असू द्या.

कामाला लागले. नवं मशीन बसलं, ते लिफाफ्याच्या भाषेत बोलायला लागलं. आणि त्याच्या व जुन्या तारेच्या मध्ये मी एक छोटी डबी बसवली. मी तिला दुभाषीण म्हणायचे. नव्या मशीनचा लिफाफा ती फोडायची, आतला आकडा काढून जुन्या तारेवर पूर्वीसारखाच उघडावाघडा सोडायची. म्हणजे जुन्या माणसांना काही बदललं हे कळायचंसुद्धा कारण नाही. शिवाय जुन्या तारेवरून कोण, कधी, किती वेळा आकडा उचलतो याची नोंद ती ठेवायची.

ही नोंद ठेवते हे मी कोणाला बोलले नव्हते. कारखान्यात न बोललेली गोष्ट अर्ध्या दिवसात कॅन्टीनला पोचते.

काट्यावरचे भाऊ माझी वाट अडवून उभे राहिले. वय पंचावन्न, बदलापूरकडच्या गावातले. त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत एमआयडीसीत गेलं, आणि आमचा काटा नेमका त्याच शेतात आहे असं त्यांचं म्हणणं. खरं असेल, नसेल, पण त्या एका वाक्याने त्यांनी तीन मॅनेजर पचवले होते.

“काय गो बाय, डबीन काय लपवलंस?”

“दुभाषीण आहे, भाऊ. तुमचं जुनं चालू राहावं म्हणूनच.”

“माझा जुना चालूच हाय. तुझ्या डबीच्या आधीपासून चालू हाय. मना नको शिकवू. तुझा कॉम्पुटर वरती, खाली जमीन माझ्या बापाची.”

“मग वजन घेताना तुमच्या वडिलांची जमीन वजा करता की नाही?”

त्यानंतर भाऊंनी माझ्याशी थेट बोलणंच सोडलं. मी समोर उभी असले तरी ते प्रिंटरला उद्देशून बोलायचे. “ए प्रिंटर, त्या बायला सांग, पंख्याच्या वाऱ्यान उभी राहू नको.” प्रिंटर कर्रर करून एक कोरी पावती काढायचा. दोघांचं जमायचं.

लॅबच्या साहेबांची तऱ्हा वेगळी. ते सभ्य माणूस, शिवी द्यायचे नाहीत, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचे. भर मीटिंगमध्ये म्हणायचे, “मॅडमचा प्रकल्प खूप सुंदर आहे, देव करो आणि तो चालो.” आणि डिस्पॅचच्या बाई! त्यांच्यासाठी मला वेगळं देऊळ बांधायला हवं. मी त्यांच्या ऑफिसात पाय ठेवला की त्या टेबलावरचे कागद पालथे घालायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, “या मॅडम, या, सीआयडी. चहा घेणार की बोटांचे ठसे?”

तीन महिने असे आनंदात गेले. नव्या तारेवर अजून एकही नळ आलेला नव्हता. मला आधी हे पक्कं करायचं होतं की जुनी तार गेली तर कोणाकोणाचं अडतं. मी ठरवलं की सगळ्यांना आधी सांगून, बुधवारी अकरा वाजता, पंधरा मिनिटांसाठी जुनी तार बंद ठेवायची. ज्याचं अडेल तो बोंब मारेल, मी ती लिहून घेईन आणि तार परत चालू करीन. नोटीस लावली, प्रत्येकाच्या सह्या घेतल्या.

बुधवारी अकराला मी दुभाषिणीचं तोंड बंद केलं आणि बोंबेची वाट पाहत बसले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. कुठूनही बोंब नाही. फाटकातून दोन ट्रक गेलेसुद्धा. मी डिस्पॅचला फोन केला.

“काही अडचण?”

“अजिबात नाही मॅडम,” बाई म्हणाल्या. इतकं गोड बोलणं मी त्यांच्या तोंडून वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. “तुमची जुनी तार आम्हाला लागतच नाही. काढून टाका ना. आजच काढा.”

लॅबला फोन केला. साहेब म्हणाले, “नि:शंक काढा. शुभेच्छा.” सिक्युरिटीवाल्याने तर सॅल्यूट ठोकल्याचा आवाज ऐकवला. भाऊ प्रिंटरला म्हणाले, “त्या बायला सांग, मस्त चाललंय.”

मी आनंदाने फुगले. चारही जण इतके तयार आहेत, मीच उगाच घाबरत होते! सेठना फोन करून सोमवारी जुनी तार कायमची तोडते असं सांगायला मी रिसीव्हर उचललाही होता. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, आणि भूक सेठपेक्षा मोठी म्हणून मी कॅन्टीनला गेले.

डिस्पॅचच्या बाई समोर बसून पुरी तोडत होत्या. पुरीवर निळे डाग. बाईंची तीन बोटं निळी. पलीकडच्या टेबलावर लॅबचे साहेब भात कालवत होते, तर त्यांचा अंगठा निळा. सिक्युरिटीवाला हात धुऊन आला, तरी निळा.

हा निळा रंग मी ओळखते. आमच्या कारखान्यात निळं रसायन बनत नाही. तो कार्बन पेपरचा रंग.

मी कॅन्टीनमधून निघाले ती तडक स्टोअरमध्ये. तिथल्या वहीत मंगळवारी कार्बन पेपरचं अख्खं पाकीट दिल्याची नोंद होती, घेणारीची सही डिस्पॅचची. सगळा कट उलगडला. भाऊंनी केबिनच्या खिडकीतून आकडा ओरडून सांगायचा, सिक्युरिटीवाल्याने तो कार्बन लावून चार प्रतींत लिहायचा, चौथी चालकाची पावती म्हणून, आणि धावत जाऊन पोचवायचा. पंधरा मिनिटं या चार माणसांनी, जी एरवी एकमेकांना पाणी विचारत नाहीत, ऑलिंपिकच्या रिले संघासारखं काम केलं होतं. कशासाठी? तर मला वाटावं की सगळं सुरळीत आहे. मी तार कायमची तोडावी. सोमवारी सगळे ट्रक फाटकात अडकावेत. आणि मंगळवारी मी कबुतरांना दाणे टाकावेत.

जगात सगळीकडे माणसं त्रास झाला की ओरडतात. त्या एका भरवशावर मी माझी परीक्षा रचली होती. दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून स्वतःचा त्रास दात आवळून सोसणारी माणसं फक्त आमच्याकडे निपजतात. मला रडू यायला हवं होतं, पण मी स्टोअरच्या रॅकमागे उभी राहून इतकी हसले की स्टोअरवाल्याने पाणी आणून दिलं.

मी कोणाला काही बोलले नाही. संध्याकाळी चौघांच्या टेबलांवर एकेक पेढ्याचा पुडा ठेवला, वर चिठ्ठी : “परीक्षा उत्तम पार पाडल्याबद्दल आभार. आपल्या प्रेमाखातर जुनी तार अनिश्चित काळ चालू राहील.” आणि पुड्याबरोबर प्रत्येकाला हात पुसायला एकेक ओला फडका.

दुसऱ्या दिवशी डिस्पॅचच्या बाईंनी पुडा तसाच परत पाठवला. पेढे मात्र आत नव्हते.

त्यानंतर मी कोणाला काही विचारणंच सोडलं. विचारलं की खोटं बोलायचे. मी फक्त दुभाषिणीची नोंद वाचायचे. आणि एकेकाच्या दारात नवी तार नेऊन ठेवायचे, वापरा म्हणायचे नाही. डिस्पॅचमध्ये नव्या तारेवर ट्रकचा नंबर आपोआप यायचा, हाताने टाइप करायला नको. बाईंनी आठ दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. नवव्या दिवसापासून नोंदीत दिसायला लागलं की जुन्या तारेवरून डिस्पॅच सकाळी एकदाच आकडा उचलते, नंतर दिवसभर गायब. कॅन्टीनमध्ये मात्र त्या सांगत होत्या, “मी मरेन पण त्या नव्या भानगडीला हात लावणार नाही.” पंधरा दिवसांत सकाळचा तो एक आकडाही बंद झाला. मी अभिनंदन करायला गेले नाही. गेले असते तर त्या दिवशीच परत जुनीवर गेल्या असत्या.

लॅबचे साहेब एकदा अडखळले, नवीवर आले आणि त्यांचा छापील तक्ता तिरका यायला लागला. मी पाच मिनिटांत त्यांना परत जुनीवर जोडलं, तक्ता दुरुस्त केला, आठवड्याने पुन्हा नवीवर घेतलं. त्यांना वाटलं होतं मी भांडेन. भांडले नाही म्हणून ते चार दिवस अस्वस्थ होते. सिक्युरिटीवाला कधी आला ते त्यालाही कळलं नाही.

उरले भाऊ आणि त्यांचा प्रिंटर. जुन्या तारेवर आता हा एकच ग्राहक, रोज, इमानाने. नवी पावती वेळ छापणार आणि पाऊण तासाचं जेवण उघडं पडणार. मी पडद्याआडून तडजोडही सुचवली, जेवणाच्या वेळेला बदली माणूस देऊ. भाऊंनी प्रिंटरमार्फत उत्तर पाठवलं की, आपल्या जमिनीवर बदली माणूस उभा राहणार नाही.

शेवटी प्रकरण सेठपर्यंत गेलं. ते म्हणाले, “मी स्वतः येतो शुक्रवारी. एकच ट्रक. आधी जुन्या तारेवर तोलायचा, मग जुनी तोडून नवीवर तोलायचा. दोन्ही पावत्या माझ्या हातात. आकडा एक असेल तर भाऊ ऐकणार. नसेल तर...” पुढचं त्यांनी हाताने दाखवलं. बदलापूरच्या दिशेने.

शुक्रवारी अकराला कारखाना जत्रेसारखा जमला. सगळ्यांना माझा अंत पाहायचा होता आणि त्यांनी ते लपवलं नाही. पिंपांनी भरलेला ट्रक काट्यावर आला, चालक नगरकडचा, दाढी वाढलेला, झोप न झालेला. भाऊंनी जुन्या तारेवर वजन घेतलं. सोळा हजार दोनशे चाळीस. पावती सेठच्या हातात गेली. मग भाऊ खुर्चीवरून उठले.

“आता तूच चालव, बाय. मी हात लावणार नाय. मना बघायचाय.” डबीवरून झालेल्या त्या भांडणानंतर प्रथमच ते माझ्याशी थेट बोलले. आणि केबिनबाहेर जाऊन उभे राहिले.

मी खुर्चीत बसले. केबिनची खिडकी एवढीशी, तिच्यातून ट्रकचं एक चाक आणि चालकाचं कोपर दिसत होतं. मी जुनी तार उपटली, खिडकीतून बाहेर काढून सगळ्यांना दाखवली, आणि नव्या पावतीचं बटण दाबलं. पावती आली.

सोळा हजार सातशे वीस.

मी पुन्हा दाबलं. सोळा हजार सातशे तीस.

तारेने वजन वाढत नाही हे मला कळतं. पण दुभाषीण आता मध्ये नव्हती, आणि नवी भाषा थेट कशी वाचली जाते, मी कुठे एखादा आकडा चुकीचा धरला का, याचा विचार करता करता मला कबुतरांचा घुमण्याचा आवाज ऐकू यायला लागला. पावती बाहेर गेली. बाहेरून डिस्पॅचच्या बाईंचा आवाज आला, अगदी लग्नातल्या मंगलाष्टकासारखा :

“चारशे नव्वदचा फरक! मॅडम, चारशे नव्वद!”

“देव करो आणि यातून मार्ग निघो,” लॅबचे साहेब म्हणाले.

“मी बोललो व्हतो! मी पहिल्याच दिवशी बोललो व्हतो!” भाऊ.

“दीदी,” सेठचा आवाज थंड होता. “ये क्या चरियापन, पागलपन आहे? बाहेर या.”

मी बाहेर आले. मान खाली. म्हणून आधी मला पाय दिसले. भाऊंचे पाय, बाईंच्या चपला, साहेबांचे पॉलिश केलेले बूट, सिक्युरिटीचे, स्टोअरचे, आणि मधोमध सेठचे पांढरे बूट. सगळे लोखंडी पाट्यांवर. पहिल्या तोलाच्या वेळी ही मंडळी कॅन्टीनच्या सावलीत लांब उभी होती. दुसऱ्या वेळी माझं तोंड जवळून दिसावं म्हणून सरकत सरकत ट्रकला चिकटून उभी राहिली होती, आणि काट्यावर पाय ठेवणाऱ्या कोणालाही गेली तीस वर्षं आईमाईवरून शिव्या घालणारे भाऊ सर्वांत पुढे.

मी तोंड उघडणार तोच ट्रकच्या खिडकीतून ते दाढीवालं डोकं बाहेर आलं. चालकाने खाली पाहिलं, सेठच्या हातातल्या पावतीकडे पाहिलं, आणि सगळ्या आनंदनगरला ऐकू जाईल असा ओरडला :

“आवं, या सेठला बी माझ्या मालात धरलंय व्हय? उतरा की काट्यावरनं!”